उंदीरमामाची थरथर आणि केळ्यांचं सारेगम

गणपती होऊन गेले, दिवाळी तोंडावर आलीये आणि या वेळी तुमच्या घरगुती इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगांबद्दलच्या पत्रांचा नुसता पाऊस पडलाय. जवळजवळ प्रत्येक पत्रासोबत कोड जोडलेला आणि खाली एकच प्रश्न, "ताई, कोडमधे कुठे चुकलंय?" मी सगळे कोड वाचले, खरंच वाचले, आणि बहुतेकांचे कोड बरोबर आहेत हो! घोळ तारांमधे आहे. वीज कुठून निघते, कुठून जाते आणि परत कुठून येते हे कागदावर काढून बघितलंत तर निम्मी पत्रं लिहावीच लागणार नाहीत, पण लिहीत राहा, मला वाचायला आवडतात.

प्रश्न : घरच्या गणपतीच्या देखाव्यात पुठ्ठ्याचा उंदीर केला होता, मान हलवणारा, दोन्ही कान पण हलणारे. आर्डुइनो ऊनो (प्रोग्रॅम भरता येणारा छोटा बोर्ड) आणि तीन छोटे निळे सर्व्हो (सांगाल तेवढ्या अंशात फिरणाऱ्या मोटरी). लॅपटॉपला जोडून टेबलावर मस्त चालत होता पण मखरात ठेवून 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी लावली की नुसता थरथरायचा आणि मधेच सगळं बंद होऊन पहिल्यापासून सुरू व्हायचं. दोन बॅटऱ्या संपल्या, शेवटी स्थिर उंदीर ठेवला. पुढच्या वर्षी तरी हलायला हवा. – एक वाचक, सांगली

अहो हलणारच, आणि पुढच्या वर्षापर्यंत थांबूही नका, याच रविवारी करून बघा.

ती चौकोनी बॅटरी हाच तुमचा प्रॉब्लेम आहे. 9 व्होल्ट म्हटलं की वाटतं मोठी ताकद, पण ती बॅटरी स्मोक अलार्म किंवा मल्टिमीटर सारख्या कमी खाणाऱ्या वस्तूंसाठी असते. चांगली अल्कलाइन घेतली तरी तिच्यात साधारण 500 मिलिअँपिअर-तास एवढाच साठा असतो आणि तोही हळूहळू ओढला तरच मिळतो. तुमचा तो 9 ग्रॅमचा निळा सर्व्हो नुसता फिरताना थोडंच खातो, पण सुरू होताना किंवा कान कुठे अडकला की एकदम अर्धा अँपिअर आणि त्याच्याही वर मागतो. तिन्ही एकदम सुरू झाले की दीड अँपिअरच्या पुढे! बॅटरीचा आतला रोध जास्त, त्यामुळे मागणी वाढली की तिचा व्होल्टेज धपकन खाली येतो, आर्डुइनोच्या चिपला पुरेसा व्होल्टेज मिळाला नाही की ती स्वतःला रीसेट करते, रीसेट झाल्यावर प्रोग्रॅम पहिल्यापासून, सर्व्हो परत पहिल्या जागी जायला एकदम धावतात, परत व्होल्टेज खाली, परत रीसेट. ती थरथर म्हणजे हे चक्र होतं, कोडचा काही संबंध नाही.

शिवाय तुम्ही तिन्ही सर्व्होंची लाल वायर आर्डुइनोच्या 5 व्होल्टच्या पिनला लावली असणार (फोटोत तसंच दिसतंय). म्हणजे सगळा करंट बोर्डावरच्या त्या छोट्याशा रेग्युलेटरमधून जातोय. तो 9 चे 5 करतो कसे, तर वरचे 4 व्होल्ट उष्णता करून टाकून देतो. अर्धा अँपिअर गेला तर 2 वॅट उष्णता, नखाएवढ्या तुकड्यात, बोट लावलं असतंत तर चटका बसला असता.

आता काय करायचं. मोबाइलचा जुना 5 व्होल्ट 2 अँपिअरचा चार्जर घ्या, चांगल्या कंपनीचा. त्याचे 5 व्होल्ट सरळ सर्व्होंच्या लाल वायरींना द्या, आर्डुइनोमधून नको. आर्डुइनोला वेगळी यूएसबी द्या. आणि इथे बरेच जण अडकतात, चार्जरची ऋण वायर आणि आर्डुइनोचा ग्राउंड (म्हणजे त्याची ऋण बाजू) एकमेकांना जोडायचाच! दोघांचे सप्लाय वेगळे असले तरी ग्राउंड एकच हवा, नाहीतर सिग्नल कुणाच्या तुलनेत मोजायचा हे सर्व्होला कळतच नाही आणि तो परत थरथरायला लागतो, मग माणूस म्हणतो ताईंनी सांगितलं तरी चालत नाही. सर्व्होंच्या जवळ 5 व्होल्ट आणि ग्राउंडच्या मधे 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, धन-ऋण बघून, उलटा लावला तर फुटतो. एकदम मागणी आली की तो आधी पुरवतो, आपल्या गच्चीवरच्या टाकीसारखं, नळाला पाणी कमी आलं तरी टाकीतून मिळतंच ना तसं.

कोडमधे बदल हवाच असेल तर एवढाच करा. मान एकदम 40 वरून 120 अंशावर पाठवू नका, एकेक अंश पुढे न्या, प्रत्येक अंशानंतर 15 मिलिसेकंद थांबा. करंट कमी लागतो ते तर आहेच पण उंदीर खरा वाटायला लागतो, खरे प्राणी मान झटक्यात फिरवून एकदम खिळ्यासारखे थांबत नाहीत. कान मानेच्या नंतर थोडे उशिरा हलवा. माझं ऐकाच, एवढ्या एका गोष्टीने देखाव्यात जीव येतो.

प्रश्न : ताई, मी नववीत आहे. शाळेतल्या प्रदर्शनासाठी केळ्याचा पियानो करायचाय. मी आर्डुइनो ऊनोच्या पिनला वायर लावून ती केळ्यात खुपसली आणि कोडमधे इनपुट पुलअप लिहिलं. दुसऱ्या हातात ग्राउंडची वायर धरून केळ्याला हात लावते पण आवाजच येत नाही. वायर वायरला लावली की येतो. केळं खराब आहे का? – नववी ब, नाशिक

केळं छान आहे, खाऊन टाक आणि दुसरं आण!

तू अर्ध्याहून जास्त काम बरोबर केलंयस, दुसऱ्या हातात ग्राउंड धरायचं हे बऱ्याच मोठ्या माणसांना सुचत नाही. हे केळ्याचं प्रकरण जगभर गाजलं ते 2012 मधे, अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमधल्या जे सिल्व्हर आणि एरिक रोझेनबाउम या दोघांनी मेकी मेकी नावाचा बोर्ड काढला तेव्हा. त्या बोर्डाचं गुपित एका रेझिस्टरमधे आहे आणि तुझी अडचणही तिथेच आहे.

बघ, पिनला हात लावलेला नसताना ती 5 व्होल्टवर राहावी म्हणून एका रेझिस्टरने तिला वर बांधून ठेवतात, त्याला पुलअप म्हणतात. ऊनोच्या चिपच्या आतला पुलअप 20 ते 50 हजार ओहमचा असतो. तू ग्राउंड धरून केळ्याला हात लावतेस तेव्हा करंट केळ्यातून तुझ्या एका हातातून दुसऱ्या हातात जातो, आणि कोरड्या त्वचेचा रोध सहज 10 लाख ओहम असू शकतो. आता एका बाजूने 30 हजार ओहमवाला वर ओढतोय आणि दुसऱ्या बाजूने 10 लाख ओहमवाली तू खाली ओढतेयस. कोण जिंकणार? पिन 4.85 व्होल्टवरच राहते, आर्डुइनोला वाटतं कुणी हातच लावला नाही.

मग पुलअप कमजोर कर. कोडमधे नुसतं इनपुट लिही आणि प्रत्येक केळ्याच्या पिनपासून 5 व्होल्टला बाहेरून 1 कोटी ओहमचा म्हणजे 10 मेगओहमचा रेझिस्टर लाव. आता तेच गणित परत कर : 5 गुणिले 1 भागिले 11, म्हणजे 0.45 व्होल्ट. दीड व्होल्टच्या खाली काहीही असलं की ऊनो त्याला शून्य म्हणतो, आवाज येणार! मेकी मेकीत तर 22 मेगओहमचे वापरलेत. फक्त एवढ्या कमजोर पुलअपला घरातल्या वायरिंगची 50 हर्ट्झची गुणगुण पण ऐकू येते, म्हणून एकदाच वाचून निर्णय घेऊ नकोस, 20 मिलिसेकंदांत दहा-वीस वेळा वाच आणि बहुतेक वेळा शून्य आला तरच सूर वाजव.

सूर कुठले लावायचे हे तू विचारलं नाहीस पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. सगळे इंग्रजी पट्टीचे आकडे (सेकंदाला किती कंपनं ते) कॉपी करतात, 262, 294, 330 वगैरे. तू आपलं सप्तक लाव. सा 240, रे 270, ग 300, म 320, प 360, ध 400, नी 450 आणि वरचा सा 480. सगळे पूर्ण आकडे, टोन फंक्शनला, म्हणजे आर्डुइनोच्या सूर वाजवायच्या आदेशाला, पूर्ण आकडेच लागतात. आणि बघ ना, प म्हणजे साच्या बरोबर दीडपट, ग सव्वापट, वरचा सा दुप्पट, हे अपूर्णांक कानाला गोड लागतात म्हणूनच ते सूर सूर झाले. प्रदर्शनात परीक्षकांना हे समजावून सांग, केळ्यापेक्षा जास्त आवडेल. एक आहे, ऊनोचं टोन फंक्शन एका वेळी एकच सूर वाजवतं, दोन केळी एकदम दाबून चालणार नाही.

आणि केळ्यांऐवजी पाण्याच्या आठ वाट्या ठेवून बघ एकदा, पाण्यात वायर सोड, बोट बुडवलं की सूर. जलतरंग! चिमूटभर मीठ टाकलंस तर अजून छान चालतं. फक्त हे सगळं पॉवर बँकवर चालव, चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपवर नको. ओले हात आणि भिंतीतली वीज यांचा दुरूनसुद्धा संबंध नको.

प्रश्न : बाल्कनीतल्या तुळशीला आपोआप पाणी घालायचं यंत्र केलं. मातीत खुपसायचा दोन काट्यांचा सेन्सर पंधरा दिवसांत हिरवा पडून झिजला, आणि मोटर बंद झाल्यावरही पाणी वाहतच राहिलं, खालच्या मजल्यावरून तक्रार आली. रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) खराब आहे का? – ठाणे

रिले बिचारा ठीक आहे. पाण्याची बादली कुंडीच्या वर, कट्ट्यावर ठेवलीत ना? मग पंपाने एकदा नळी भरून दिली की पुढे पाणी आपलं आपण उतरत राहतं, पेट्रोल काढताना नळी ओढून सोडतात तसंच. पंप बंद केला तरी त्याच्या पात्यांमधून पाणी आरामात निघतं, त्या छोट्या पंपांना आत झडप नसते. बादली कुंडीच्या खाली जमिनीवर ठेवा, किंवा जागाच नसेल तर नळीचा जो भाग सगळ्यात उंच आहे तिथे टाचणीने भोक पाडा म्हणजे पंप थांबला की हवा शिरून धार तुटेल (भोकातून थोडं पाणी उडेल, ते बादलीतच पडेल असं बघा).

काटे झिजले ते इलेक्ट्रोलिसिसमुळे. ओली माती, त्यात दोन धातूचे काटे आणि चोवीस तास एकाच दिशेने करंट, म्हणजे तांबं सुटून मातीत जाणारच, आणि ते तुळशीच्या मुळाशी जाणं बरं नाही. सेन्सरची धन वायर 5 व्होल्टऐवजी बोर्डाच्या एका पिनला लावा, तासातून एकदा पिन चालू करा, वाचा, लगेच बंद करा. त्याहून चांगलं म्हणजे कपॅसिटिव्ह सेन्सर घ्या, त्याचं तांबं मातीला लागतच नाही, फक्त वरचा इलेक्ट्रॉनिक्सचा भाग नेलपॉलिशने रंगवून घ्या, पाणी तिथूनच शिरतं. पुढेमागे रिले काढून ट्रान्झिस्टर लावलात तर मोटरला उलटा डायोड लावायला विसरू नका. मोटर बंद होताना जो उलटा झटका देते त्याने ट्रान्झिस्टर मरतो.

प्रश्न : दिवाळीसाठी 100 एलईडींच्या रंग बदलणाऱ्या पट्टीचा कंदील केलाय. पांढरा रंग लावला की सुरुवातीचे पांढरे, पुढचे पिवळट आणि शेवटचे चक्क लाल. पट्टी डुप्लिकेट आहे का? – कोल्हापूर

पट्टी खरी आहे, शेवटपर्यंत वीज पोचत नाहीये. प्रत्येक एलईडी पूर्ण पांढरा असताना 60 मिलिअँपिअरपर्यंत खातो, 100 म्हणजे 6 अँपिअर, आणि तो सगळा त्या पट्टीतल्या कागदासारख्या पातळ तांब्यातून जायचा. वाटेत व्होल्टेज कमी होत जातो. निळ्या आणि हिरव्याला साधारण 3 व्होल्ट लागतात, लालला 2 मधे भागतं, म्हणून निळा आधी मान टाकतो, मग हिरवा आणि शेवटी लाल एकटाच उरतो. पट्टीच्या दोन्ही टोकांना आणि जमलं तर मधेही 5 व्होल्ट आणि ग्राउंडच्या जाड वायरी सोल्डर करा. आणि ब्राइटनेस तिसऱ्या हिश्शावर आणा, कंदिलाच्या कागदातून तेवढाच छान दिसतो, डोळ्यांत घुसत नाही. फास्टएलईडी लायब्ररीत (पट्टी चालवायचा तयार कोड) करंटवर मर्यादा घालायची सोय आहे ती वापराच.

तुम्ही ईएसपी8266 हा वायफायवाला बोर्ड वापरलाय म्हणून अजून एक, तो सिग्नल 3.3 व्होल्टचा देतो आणि 5 व्होल्टवरच्या पट्टीला साडेतीन हवे असतात. टेबलावर चालतं, बाल्कनीत वायर लांबली की एलईडी वेडेवाकडे लुकलुकतात. मधे 3.3 चा सिग्नल 5 चा करणारी 74एचसीटी125 ही चिप टाका म्हणजे प्रश्न मिटला.

प्रश्न : मी आठवीत आहे. मोबाइलवरून खोलीतला ट्यूबलाइट चालू-बंद करायचा आहे, रिले आणलाय, स्विचबोर्ड उघडून कुठल्या वायरला जोडू?

उघडू नकोस. 230 व्होल्टला चूक दुरुस्त करायची दुसरी संधी नसते. तोच रिले, तोच कोड, पण 12 व्होल्टच्या एलईडी पट्टीवर कर, टेबलावर ठेव, सगळं शिकून होईल. स्विचबोर्ड हे वायरमनचं काम आहे आणि मला तू हवा आहेस, पुढच्या पत्रासाठी.

प्रश्न : मुलगी 11 वर्षांची आहे, तिला हे सगळं करायचंय. दुकानात रोबोटिक्सचे किट काही हजारांचे सांगतात. कुठला घेऊ? – एक बाबा, छत्रपती संभाजीनगर

आत्ता कुठलाच नको. दोन पेन्सिल सेल, थोडे एलईडी, तुटक्या खेळण्यातली एक मोटर, चिकटपट्टी आणि पुठ्ठा, एवढ्यावर सहा महिने जातात. अरविंद गुप्तांनी आयुष्यभर कचऱ्यातून खेळणी केली, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बसून हजारो मुलांकडून करून घेतली, त्यांचे व्हिडिओ मराठीतही फुकट बघायला मिळतात. त्यातली साधी मोटर तिच्याकडून करून घ्या. एनॅमलच्या तांब्याच्या तारेचं दहा-पंधरा वेढ्यांचं कडं, सेलच्या दोन टोकांना रबरबँडने बसवलेल्या दोन सेफ्टी पिना, कड्याखाली एक चुंबक. कड्याच्या एका टोकाचं एनॅमल पूर्ण खरवडायचं आणि दुसऱ्या टोकाचं फक्त अर्ध्या बाजूचं. सगळी मुलं दोन्हीकडचं पूर्ण खरवडतात आणि मग कडं नुसतं डुलतं, फिरत नाही. तेव्हा तुम्ही सांगू नका! तिला एक संध्याकाळ, दोन संध्याकाळी विचार करू द्या. अर्ध्या फेऱ्यात करंट तुटायलाच हवा नाहीतर चुंबक जेवढं पुढे ढकलतो तेवढंच मागे ओढतो, हे तिला स्वतःला कळलं ना की तिचा चेहरा बघा, ते कुठल्याच किटमधे मिळत नाही.

बटण सेल मात्र घरात लहान भावंड असेल तर आणूच नका, गिळला तर काही तासांत अन्ननलिका जाळतो.

आर्डुइनो वर्षभराने घ्या. तो 2005 मधे इटलीतल्या इव्रेआ गावी डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेत जन्मला, इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या मुलांना वापरता यावा म्हणून, आणि नाव पडलं गावातल्या एका बारवरून. त्यामुळे तिला जमेल का ही काळजी करू नका. सुट्टीत पुण्याला आलात तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत चक्कर मारा, मुंबईला गेलात तर लॅमिंग्टन रोडला, आणि मुलीला स्वतः दुकानदाराशी बोलू द्या, काय हवंय ते तिने सांगायचं. जमलं तर पाबळचा विज्ञान आश्रम पण दाखवा. डॉ. कलबागांनी 1983 मधे सुरू केला, हाताने काम करत शिकायचं म्हणून, आणि तिथे 2002 पासून एमआयटीच्या मदतीने उभी राहिलेली फॅब लॅब (हवी ती वस्तू स्वतः बनवून बघायची कार्यशाळा) आहे, पुणे जिल्ह्यातल्या एका खेड्यात! तिथे मुलं शेतीची अवजारं पण करतात आणि सर्किट पण.

प्रश्न : वय 68, बँकेतून निवृत्त. नातवासाठी स्वतःच स्वतःला बंद करणारी पेटी करतोय, स्विच चालू केला की झाकण उघडून हात बाहेर येतो आणि स्विच बंद करून परत आत जातो. माझा हात बाहेर येतो, स्विच बंद करतो आणि तिथेच थांबतो, आत जातच नाही. सौ. विचारतात याचा उपयोग काय. दोन्ही प्रश्नांची उत्तरं द्यावीत. – मिरज

काका, आधी सोपा प्रश्न घेते, दुसरा. ही कल्पना संगणकशास्त्रज्ञ मार्विन मिन्स्की यांची आणि पेटी प्रत्यक्ष केली क्लॉड शॅनन यांनी, 1950 नंतरच्या दोन-तीन वर्षांत. म्हणजे ज्या माणसाने मोबाइल, इंटरनेट, सगळ्याच्या मुळाशी असलेलं माहितीचं गणित मांडलं त्याने ती करून टेबलावर ठेवली होती. काकूंना एवढं सांगा आणि पेटी पूर्ण झाल्यावर पहिला स्विच त्यांना दाबायला द्या.

आता हात. तुम्ही आर्डुइनो न वापरता सहा पायांचा टॉगल स्विच, गिअरची मोटर आणि एक मायक्रोस्विच एवढ्यावर केलंय, मला हे फार आवडलं. टॉगल स्विच मोटरची धन-ऋण वायर उलटसुलट करतो, म्हणून एकदा हात बाहेर आणि एकदा आत. मायक्रोस्विचचं काम एवढंच की हात घरी पोचला, त्याने मायक्रोस्विचची छोटी पट्टी दाबली की परतीच्या वाटेची वीज तोडायची.

मायक्रोस्विचला तीन पाय असतात. सीओएम सामाईक, एनओ म्हणजे दाबल्यावर जोडलं जाणारं आणि एनसी म्हणजे दाबल्यावर तुटणारं. तुमची परतीची वायर एनओवर आहे. हात घरी असताना पट्टी दाबलेली, पण तेव्हा बाहेर जायची वाट वेगळी आहे म्हणून हात निघतो. निघाला की पट्टी सुटते, एनओ उघडतो, आता हाताने टॉगल उलटा केला तर परतीची वाटच तुटलेली! म्हणून तिथेच थांबतो. एक वायर एनओवरून काढून एनसीवर सोल्डर करा, बास. आणि बाहेर जायच्या वाटेत मायक्रोस्विच येत नाही ना ते बघून ठेवा, तसं झालं तर हात घरातून निघणारच नाही.

दोन पेन्सिल सेल पुरतात, मात्र नातू आल्यावर जास्तीचे आणून ठेवा. पहिल्या दिवशी त्याने किती वेळा स्विच दाबला ते मोजून मला नक्की कळवा.